‘फुटला की फोडलास?’ : ‘डीटूर’ या सिनेमातलं नशीब आणि गुन्हा

सिनेमावर संशोधन करू पाहणाऱ्यांच्या आराखड्यांत एक वाक्य हमखास भेटतं : ‘प्रस्तुत चित्रपटातून नियतीवादाचे दर्शन घडते.’ वाक्य चुकीचं नाही. अडचण अशी की त्याच्यापुढे जाताच येत नाही. दर्शन घडलं, मग? पहिल्या प्रकरणात नियतीवादाची व्याख्या, दुसऱ्यात कथानक, तिसऱ्यात ‘वरील विवेचनावरून नियतीवाद दिसून येतो’ असं पुन्हा तेच. समितीसमोर सादरीकरणाला उभं राहिल्यावर कुणी विचारलं, ‘दिसून येतो म्हणजे कुणाला? आणि सांगतंय कोण?’ तर उत्तर नसतं.

म्हणून आज एकच सिनेमा घेऊन हे वाक्य उघडून बघू. सिनेमा आहे ‘डीटूर’, साल १९४५, लांबी जेमतेम ६८ मिनिटं. तो आता कॉपीराइटमुक्त आहे, त्यामुळे इंटरनेटवर सहज मिळेल. हे वाचायच्या आधी पाहिलात तर उत्तम. नसेल पाहिला तरी हरकत नाही, पण पुढे शेवट सांगितलेला आहे, एवढं ध्यानात ठेवा.

सिनेमा कुठून आला

‘फिल्म नॉयर’ हे नाव फ्रेंच समीक्षकांनी १९४६मध्ये रूढ केलं. युद्धकाळात अडलेले अमेरिकन सिनेमे एकदम पॅरिसला पोचले आणि त्यांतला अंधार, गुन्हा आणि हताशपणा त्यांच्या नजरेत भरला. ‘डीटूर’ याच काळातला, पण मोठ्या स्टुडिओचा नव्हे. तो काढला प्रोड्यूसर्स रिलीजिंग कॉर्पोरेशनने, म्हणजे पीआरसीने. हॉलिवूडच्या उतरंडीत ही कंपनी अगदी तळाला होती. दिग्दर्शक एडगर उल्मर व्हिएन्नात वाढलेला, जर्मन सिनेमात शिकलेला. कथा मार्टिन गोल्डस्मिथच्या १९३९च्या कादंबरीवरची आणि पटकथाही त्याचीच.

कथानक थोडक्यात असं. अल रॉबर्ट्स हा न्यूयॉर्कच्या एका क्लबात पियानो वाजवतो. त्याची प्रेयसी सू नशीब काढायला हॉलिवूडला निघून जाते. काही दिवसांनी हाही तिच्याकडे निघतो. खिशात पैसे नाहीत, म्हणून रस्त्यात अंगठा दाखवत, लिफ्ट मागत. हॅस्केल नावाचा एक गाडीवाला त्याला घेतो. रात्री अल गाडी चालवत असतो आणि हॅस्केल झोपलेला. पाऊस येतो. गाडीचं छत लावायला अल थांबतो, पलीकडचं दार उघडतो, तर हॅस्केल बाहेर कोसळतो आणि त्याचं डोकं दगडावर आपटतं. तो मेलेला असतो. आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही असं ठरवून अल प्रेत लपवतो, हॅस्केलचे कपडे, पैसे, कागदपत्रं आणि गाडी घेतो आणि हॅस्केल बनून पुढे निघतो.

दुसऱ्या दिवशी तो एका मुलीला लिफ्ट देतो. ती व्हेरा. आणि नेमकी हीच आधी हॅस्केलच्या गाडीत बसलेली असते. तिला खरा हॅस्केल माहीत आहे. ती अलला कोंडीत पकडते, लॉस एंजेलिसमध्ये त्याच्याकडून गाडी विकवून घ्यायला निघते. मग हॅस्केलचा श्रीमंत बाप मरणपंथाला लागल्याची बातमी वाचून वारसाहक्कासाठी खोटा मुलगा बन म्हणून मागे लागते. भांडण होतं. दारूच्या नशेत ती फोन घेऊन आतल्या खोलीत जाते, कडी लावते, पोलिसांना कळवते म्हणते. अल दाराखालून फोनची वायर खेचतो. दार तोडून आत जातो तर वायर तिच्या गळ्याभोवती आणि ती मेलेली.

दोन मृत्यू, दोन्ही ‘अपघात’. आणि हे सगळं अल आपल्याला सांगतो, रस्त्याकडेच्या एका उपाहारगृहात बसून, मनातल्या मनात. त्याचा निष्कर्ष साधारण असा की नियती कुणाकडे, कधी, का बोट दाखवील त्याला काही कारण लागत नाही. बहुतेक पुस्तकांत ‘डीटूर’चं नाव नियतीवादी सिनेमाचा नमुना म्हणून येतं ते याच कारणाने.

आपल्या भाषेत एक हत्यार आहे

इथे इंग्रजी सिद्धांताकडे धावायच्या आधी आपल्या स्वयंपाकघरात जाऊ. कप खाली पडतो. पोरगं म्हणतं, ‘आई, कप फुटला.’ आई विचारते, ‘फुटला की फोडलास?’

या प्रश्नात सगळं आलं. मराठीत क्रियापदांच्या अशा जोड्या आहेत : फुटणं–फोडणं, तुटणं–तोडणं, पडणं–पाडणं, मरणं–मारणं. एकीत गोष्ट आपोआप होते, दुसरीत कुणीतरी करतं. शिवाय मधली एक सोय आहे : ‘माझ्या हातून झालं.’ हात माझाच, पण करणारा मी नाही. आपण ही सोय रोज वापरतो. वर्तमानपत्रातही बघा, ‘भरधाव ट्रकने चिरडले’ असं छापून येतं, जणू ट्रकला चालक नव्हताच.

नियतीवाद म्हणजे शेवटी काय, तर ‘केलं’चं ‘झालं’ करणं. सटवाईने पाचवी-सहावीला कपाळावर जे लिहिलं ते झालं, मी मध्ये कुणी नाही. आता अलची साक्ष याच जोडीने तपासायला घ्या. त्यासाठी वहीत तीन रकाने आखा : काय घडलं, ते कोण सांगतंय, आणि पडद्यावर स्वतंत्रपणे काय दिसतं.

पहिल्या रकान्यात दोन मृत्यू ‘झालं’ म्हणून येतात. ठीक. पण त्यांच्या मधली यादी बघा. प्रेत लपवलं. कपडे बदलले. पैसे घेतले. पोलिसांत गेला नाही. परक्या मुलीला स्वतःहून गाडीत घेतलं. गाडी विकायला तयार झाला. ही सगळी क्रियापदं ‘केलं’ची आहेत. यातलं एकही दगडाने किंवा पावसाने केलेलं नाही. अल काय करतो, तर दोन मृत्यूंवर नशिबाचं जे पांघरूण घालतो तेच ओढून-ताणून बाकीच्या सगळ्या कृत्यांवरही घेतो. म्हणून माझं म्हणणं असं : ‘डीटूर’ हा नियतीवादी सिनेमा नाही, तो नियतीवाद कसा वापरला जातो ते दाखवणारा सिनेमा आहे. या दोन वाक्यांतल्या फरकावर एक अख्खं प्रकरण उभं राहू शकतं.

पुरावा कुठे आहे

असं म्हटलं की लगेच विचारलं जाईल, ‘हे तुम्हाला वाटतं, की सिनेमात आहे?’ रास्त प्रश्न. तर तीन पुरावे मांडतो.

पहिला, सिनेमाच्या बांधणीतला. कथा सुरू होताना त्या उपाहारगृहातला प्रकाश बदलतो, भोवतालचं सगळं मंदावतं आणि उजेड अलच्या डोळ्यांपुरता उरतो. म्हणजे यापुढचं जे दिसेल ते याच्या डोक्यातलं, हे सिनेमा आधीच सांगून ठेवतो. हॅस्केलच्या मृत्यूला दुसरा साक्षीदार नाही. आपण जे पाहतो ते अलने जसं सांगितलं तसं. शिवाय तो आपल्यालाच उद्देशून बोलतो आणि तुमचा यावर विश्वास बसणार नाही, असं आधीच म्हणून ठेवतो. ही बोलण्याची तऱ्हा गोष्ट सांगणाऱ्याची नाही, आरोपीच्या पिंजऱ्यातल्या माणसाची आहे. अँड्र्यू ब्रिटन या समीक्षकाने अलचं निवेदन प्रमाण मानू नये अशी मांडणी फार पूर्वी केली आहे. मी त्याच वाटेने चाललोय, फक्त मराठी क्रियापदांची काठी हातात घेऊन.

दुसरा पुरावा, अलच्या स्वभावातला, आणि तो गुन्ह्याच्या आधीचा आहे. क्लबात एक गिऱ्हाईक खूश होऊन त्याला दहा डॉलरची बक्षिसी देतं. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. अलचा चेहरा मात्र खुलत नाही, ती नोट त्याला जंतूंनी भरलेला कागद वाटते. म्हणजे चांगलं घडलं तरी ते त्याला चांगलं दिसत नाही. नशीब त्याच्यावर रात्रीच्या पावसात कोसळलेलं नाही, ते तो न्यूयॉर्कपासून सोबत घेऊन निघालाय.

तिसरा पुरावा सिनेमाबाहेरचा : मूळ कादंबरी. तिच्यात निवेदक दोन आहेत. काही प्रकरणं नायक सांगतो, काही सू सांगते. सिनेमात सूचं निवेदन गळलं आणि एकट्या अलचा आवाज राहिला. कारण काहीही असो, पटकथा आटोपशीर करणं असेल किंवा खर्च असेल, परिणाम मात्र असा झाला की नायकाला टोकणारं कुणी उरलं नाही. ज्या गोष्टीत एकच साक्षीदार असतो तिथे नशीब फार बलवान दिसतं, हे लक्षात ठेवा. रूपांतरावर काम करणार असाल तर ‘काय बदललं’ एवढ्यावर थांबू नका. ‘कुणाचा आवाज गेला’ हेही विचारा.

उलट बाजूही प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. अल खोटंच बोलतोय, त्याने दोन्ही खून केले, असं सिनेमा कुठेही सिद्ध करत नाही. व्हेराच्या मृत्यूनंतर कॅमेरा खोलीभर हळूहळू फिरतो आणि एकेक वस्तू धूसर होते, स्पष्ट होते, पुन्हा धूसर होते. सिनेमाची भूमिका मला या फिरण्यात दिसते : वस्तू समोर आहेत, पण त्यांच्यावर नजर ठरत नाही. तेव्हा ‘अल खुनी आहे’ हा निष्कर्ष काढाल तर तोही पुराव्याच्या पलीकडे जाईल. आपल्याला एवढंच म्हणता येतं की ‘झालं’ हा त्याचा दावा आहे, सिनेमाचा निकाल नाही.

शेवटाचंही तसंच. अल रात्री रस्त्याने चालतोय, पोलिसांची गाडी येऊन थांबते आणि तो आत बसतो. आवाज मात्र सांगतो की एक दिवस अशी गाडी थांबेल. मग ती आत्ता थांबली की त्याच्या मनात थांबली? इथे एक बाहेरची गोष्ट माहीत हवी. त्या काळी हॉलिवूडला प्रॉडक्शन कोड नावाची नियमावली लागू होती आणि तिच्याप्रमाणे गुन्हेगार सुटलेला दाखवून चालत नसे. तेव्हा ‘नियतीने अखेर गाठलं’ असं लिहिण्यापूर्वी थांबा. त्या गाडीत नियतीइतकंच नियमावलीचंही वजन आहे.

गरिबीची दंतकथा

‘डीटूर’वर लिहिताना एक मोह टाळायचा. हा सिनेमा सहा दिवसांत, कवडीमोल खर्चात झाला, असं खूप ठिकाणी वाचाल. उल्मरनेच उतारवयात मुलाखतीत तसं सांगितलं. पुढच्या अभ्यासकांनी कागदपत्रं धुंडाळली तेव्हा चित्रीकरणाला याहून बरेच जास्त दिवस लागल्याचं आणि खर्च एक लाख डॉलरच्या पुढे गेल्याचं दिसलं. मोठ्या स्टुडिओच्या मानाने हे कमीच, पण दंतकथेइतकं कमी नाही. गंमत बघा, पडद्यावरचा अल जसा स्वतःची गोष्ट नशिबाच्या भाषेत सांगतो, तसा दिग्दर्शक आपली गोष्ट हालअपेष्टांच्या भाषेत सांगतो. दोन्हीकडे संशोधकाचं काम एकच : साक्ष ऐकायची आणि मग कागद बघायचा.

पैशाची चणचण पडद्यावर दिसते, यात शंका नाही. न्यूयॉर्कचा रस्ता उभारण्याऐवजी धुकं सोडलंय, प्रवासाचे बरेच प्रसंग मागच्या पडद्यावर रस्ता दाखवून उरकलेत. लिफ्ट मागण्याच्या काही दृश्यांत प्रतिमा आरशासारखी उलटी छापली आहे, कारण पश्चिमेकडचा प्रवास पडद्यावर उजवीकडून डावीकडे दिसायला हवा होता. त्यामुळे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात आणि चालक उजवीकडे बसलेला दिसतो. अमेरिकन प्रेक्षकाला हे खटकतं. आपल्याला खटकत नाही, कारण आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडेच असतं! बघणारा कुठे बसलाय यावर काय दिसतं ते ठरतं, याचं याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही. आणि पुढचा मुद्दा मला सुचायचं कारणही हेच, की मी हा सिनेमा सोलापुरात बसून पाहतोय.

‘माझ्यावर कोण विश्वास ठेवील?’

अलच्या सगळ्या कृत्यांचा पाया हे एकच वाक्य आहे. पोलिसांत गेलो तर कोण विश्वास ठेवील? पण त्याने विचारून पाहिलेलंच नाही. त्याच्यावर आधी कुठला आरोप नाही, तो गोरा आहे, कामधंदा असलेला माणूस आहे, न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसपर्यंत कुणाची परवानगी न काढता निघाला आहे. त्याच्यावर अविश्वास दाखवला जाईल हा त्याचा अंदाज आहे, अनुभव नाही.

आता सोलापूरकडे या. इथे ‘सेटलमेंट’ नावाची वस्ती आहे, सगळ्यांना माहीत असलेली. नाव कुठून आलं हे मात्र अनेकांना माहीत नसतं. ब्रिटिश सरकारने १८७१मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाख्यासारख्या भागांतही त्याचा अंमल करता आला. या कायद्याने अख्ख्याच्या अख्ख्या जमाती ‘गुन्हेगार’ म्हणून अधिसूचित होत. त्या अधिसूचनेला कोर्टात आव्हान देता येत नसे. नोंद झालेल्या माणसाला हजेरी द्यावी लागे, हद्द सोडून जायचं तर पास लागे. संशयास्पद परिस्थितीत सापडला आणि चोरीच्या बेतात होता असं न्यायालयाला वाटलं, तरी शिक्षा होऊ शके. सोलापुरात अशा कुटुंबांची तारेच्या कुंपणातली मोठी वसाहत होती आणि इथल्या कापडगिरण्यांना तिथून मजूर मिळत. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ला हा कायदा देशभर रद्द झाला. तो दिवस भटके-विमुक्त समाज आजही मुक्तिदिन म्हणून पाळतो.

ज्या वर्षी ‘डीटूर’ आला त्या १९४५मध्ये हा कायदा लागू होता. तेव्हा त्याच प्रसंगाची कल्पना इथे करा. रस्त्याकडेला एक मेलेला माणूस आणि शेजारी पास नसलेला, जमातीच्या यादीत नाव असलेला माणूस. ‘माझ्यावर कोण विश्वास ठेवील?’ हे वाक्य त्याच्या तोंडी आलं तर ते नियतीवाद ठरेल का? नाही. ते कायद्याचं अचूक वाचन ठरेल. त्याच्या कपाळावरचं सटवाईने लिहिलेलं नाही, ते अधिसूचनेत छापून आलेलं आहे.

इथे नियतीवादाचे दोन वेगळे उपयोग दिसतात. अल नशिबाची भाषा स्वतःविषयी वापरतो, जबाबदारी अंगावरून उतरवायला. कायदा तीच भाषा दुसऱ्यांविषयी वापरतो, जबाबदारी जन्मतःच अंगावर चिकटवायला. अल म्हणतो, मी केलं नाही, झालं. कायदा म्हणतो, तू अजून केलं नाहीस, पण तू करणारच. तर्क एकच, की गुन्हा माणसाच्या निर्णयाआधीच ठरलेला असतो. फरक इतकाच की पहिल्यात माणूस सुटतो आणि दुसऱ्यात अडकतो.

सावध करून ठेवतो : मी असं म्हणत नाही की उल्मरला सोलापूर माहीत होतं, किंवा या कायद्याचा त्या सिनेमावर काही परिणाम आहे. तसं लिहिलं तर परीक्षक फाडून खातील, आणि बरोबरच करतील. तुलना प्रभाव दाखवण्यासाठीच असते असं नाही. कधी कधी ती एखाद्या संकल्पनेचा ढिला सांधा उघडा पाडण्यासाठी असते. ‘नियतीवाद’ हा एकच शब्द आपण दोन उलट गोष्टींना वापरत होतो, हे या तुलनेने दिसलं. तिचं काम तिथे संपलं.

दोन मास्तर

आता मराठी सिनेमाकडे. ‘डीटूर’मधली मध्यवर्ती क्लृप्ती आठवा : जिवंत माणूस स्वतःला मेलेला ठरवतो आणि दुसरा बनून जगतो. कागदोपत्री अल रॉबर्ट्स मेला, आणि जिवंत अल ज्या नावाने जगला त्या हॅस्केलला पोलीस खुनासाठी शोधतायत. हीच क्लृप्ती आपल्याकडे गाजली आहे, ‘पिंजरा’मध्ये. व्ही. शांताराम यांचा हा सिनेमा १९७२चा. तो ‘डीटूर’सारखा स्वस्तातला कृष्णधवल सिनेमा नाही, रंगीत आणि भरजरी आहे, आणि त्याचं मूळ जर्मन ‘ब्लू एंजल’कडे जातं. पण गुन्हा आणि नशिबाचा गुंता बघा. आदर्श मास्तर तमाशातल्या चंद्रकलेच्या मोहात पडतो. एका प्रेताला मास्तर ठरवलं जातं, गाव त्याला देवासारखा पुजू लागतं आणि खरा मास्तर फडाबरोबर परागंदा होतो. अखेर पकडला जातो तो स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली. खरं सांगितलं तर सुटेल, पण गावाचा आदर्श मोडेल, म्हणून तो गप्प राहतो आणि शिक्षा पत्करतो.

अनेक जण याला नियतीची क्रूर थट्टा म्हणतात. पण आईचा प्रश्न विचारा : फुटला की फोडलास? मास्तरचा शेवट ‘झालेला’ नाही, त्याने तो निवडलाय. सापळा अलसारखाच आहे आणि त्यात मास्तर अलच्या बरोबर उलट वागतो. अल न केलेल्या (म्हणे!) गुन्ह्यापासून पळताना खरोखरचे गुन्हे करत जातो, मास्तर न केलेला गुन्हा स्वतःच्या नावावर घेतो. तरी मला त्याचं गप्प राहणं पूर्णपणे उदात्त वाटत नाही. कारण त्या प्रेताचं काय? जो माणूस खरोखर मेला, त्याचा मृत्यू कुणाच्याच हिशेबात राहत नाही. मास्तरची मूर्ती वाचते, मेलेला माणूस मात्र बेनाव उरतो. थोर त्यागाच्या गोष्टीतही ‘झालं’ म्हणून काहीतरी मागे टाकलेलं असतं, ते असं.

मास्तरची भूमिका डॉ. श्रीराम लागूंनी केली होती आणि निळू फुलेही त्या सिनेमात होते. दोनच वर्षांनी, १९७४च्या ‘सामना’मध्ये, हेच दोघे समोरासमोर आले. दिग्दर्शक जब्बार पटेल, पंढरपुरात जन्मलेले आणि सोलापुरात शिकलेले. लेखन विजय तेंडुलकरांचं, निर्मिती रामदास फुटाण्यांची. सिनेमा कृष्णधवल, आणि १९७५च्या बर्लिन महोत्सवापर्यंत पोचलेला. लागू इथेही मास्तर आहेत, पण पडलेले, दारूत बुडालेले. निळू फुले आहेत साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील. सगळं गाव ज्यांच्या मुठीत आहे अशा माणसाच्या वाड्यावर राहून, त्यांचीच दारू पीत, हा म्हातारा एकच गोष्ट विचारत राहतो : मारुती कांबळेचं काय झालं?

व्याकरण बघा. प्रश्न ‘झालं’चाच आहे. विचारणाऱ्याने कुणावर बोट ठेवलेलं नाही. पण उत्तर दिलं की ते ‘केलं’मध्येच द्यावं लागतं आणि मग करणाऱ्याचं नाव येतं. म्हणून कुणी उत्तर देत नाही, आणि म्हणूनच तो प्रश्न सिनेमातून बाहेर पडून महाराष्ट्राच्या राजकीय बोलण्यात येऊन बसला. गावात एक माणूस नाहीसा होतो आणि बाकीचे ‘झालं गेलं’ म्हणून कामाला लागतात, हा सामूहिक नियतीवाद आहे. तो मोडायला सत्ता लागली नाही, पुन्हा पुन्हा विचारणारा एक दारूडा पुरला. ‘पिंजरा’तला मास्तर एका मृत्यूविषयी गप्प राहिला होता. ‘सामना’तला मास्तर दुसऱ्या मृत्यूविषयी गप्प बसत नाही. दोन वर्षांत मराठी सिनेमातला मास्तर किती लांब आला ते बघायचं असेल तर हे दोन सिनेमे पाठोपाठ पाहा.

आराखड्यात हे कसं आणाल

सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ. ‘प्रस्तुत चित्रपटातून नियतीवादाचे दर्शन घडते’ हे खोडा आणि त्याच्या जागी प्रश्न लिहा. उदाहरणार्थ : नशिबाची भाषा या सिनेमात कोण, कुणाला उद्देशून, कोणत्या कृत्यानंतर वापरतं? ती वापरल्याने कोण सुटतं आणि कोण अडकतं? सिनेमाची प्रतिमा त्या भाषेला दुजोरा देते की तिच्यापासून अंतर राखते? आता प्रत्येक प्रश्नाला पुरावा शोधता येतो, आणि मुख्य म्हणजे उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं. ज्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ येऊच शकत नाही तो संशोधनाचा प्रश्न नव्हे.

नियतीवाद म्हणजे नेहमी पळवाट, असाही निष्कर्ष काढू नका. सेटलमेंटमधल्या एखाद्या म्हातारीने ‘आमचं नशीबच तसं’ म्हटलं असेल, तर ते वाक्य आणि अलचं वाक्य एकाच फूटपट्टीने मोजणं हा अन्याय आहे. तिच्या वाक्यात एका अख्ख्या कायद्याचा सारांश आहे. अलच्या वाक्यात मेलेल्या माणसाचं पैशाचं पाकीट आहे.

एक काम देतो. तुमच्या आवडीचा कोणताही गुन्हेपट घ्या, मराठी असला तर चांगलंच. वही घ्या, तीन रकाने आखा आणि पहिल्या रकान्यात फक्त क्रियापदं लिहा. मग प्रत्येक ‘झालं’पाशी थांबा आणि आईसारखं विचारा. पंधरा-वीस क्रियापदं झाली की तुम्हाला तुमचा विषय दिसायला लागेल. पुढच्या वेळी समितीने ‘सांगतंय कोण?’ असं विचारलं, तर त्या वहीचं पान उघडून दाखवा.